भिंत पाडण्याआधी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असा निरोप समितीकडून आला तेव्हा मी आधी नाहीच म्हणाले. सोसायटीचा इतिहास म्हणजे प्लॉट कसा घेतला, नोंदणी कधी झाली, बोअरला पाणी किती फुटांवर लागलं, लिफ्ट कुणाच्या कारकिर्दीत आली. ते लिहायला आपले माजी सेक्रेटरी आहेत. त्यांच्याकडे सगळ्या फायली आहेत, आणि त्यांचं अक्षरही चांगलं आहे. मला एकाच गोष्टीचा इतिहास नीट माहीत आहे, आणि ती गोष्ट आता जाणार आहे. रस्त्याकडची आपली कंपाउंडची भिंत.

गेल्या सर्वसाधारण सभेत ठराव झाला तो सगळ्यांना माहीत आहे. निंबाच्या मुळांनी भिंत मधोमध फुगली आहे आणि बाहेरच्या बाजूला कलली आहे. इंजिनिअरने ओळंबा लावून दाखवला. मी स्वतः ठरावाच्या बाजूने हात वर केला. त्या भिंतीच्या कडेने शाळेची पोरं सायकली नेतात. चित्रांसाठी भिंत ठेवा असं म्हणणं वेडेपणाचं होतं, आणि मी म्हटलंही नाही. वाद झाला तो पुढच्या विषयावर, म्हणजे नवीन भिंतीला बाहेरून ग्रॅनाइट लावायचं की साधं प्लास्टर ठेवून पुन्हा मुलांच्या हातात द्यायची. तेव्हा एका सभासदांनी मला सरळ विचारलं, ‘‘बाई, राग मानू नका, पण त्या पोरांच्या चित्रांत एवढं आहे काय?’’ प्रश्न रास्त होता. उत्तर मला तिथे देता आलं नाही, कारण घड्याळात साडेनऊ झाले होते आणि चहा गार होत होता. विषय पुढच्या सभेवर गेला. तर हे ते उत्तर समजा. थोडं लांबणार आहे.

सुरुवात लांबून करते. आपल्याकडे बाहेरगावचा पाहुणा आला की आपण त्याला केळीचे वेफर्स खाऊ घालतो, वांग्याचं भरीत खाऊ घालतो आणि मग अजिंठ्याला नेतो. लेणी आपल्या जिल्ह्यात नाहीत हे आपण सोयीने विसरतो. जगभरचे लोक जळगाव स्टेशनवरच उतरतात, तेव्हा थोडा हक्क आपलाही. पण अजिंठ्याबद्दल आपण पाहुण्याला सांगतो ती जॉन स्मिथ आणि वाघाच्या शिकारीची गोष्ट, १८१९ ची. मला चित्रकलेची शिक्षिका म्हणून त्याच्या नंतरची गोष्ट जास्त जवळची वाटते, ती नकला काढणाऱ्यांची.

१८४४ साली मद्रास सैन्यातला रॉबर्ट गिल हा अधिकारी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढायला आला आणि पुढची कितीतरी वर्षं त्यातच राहिला. ना. धों. महानोरांमुळे आणि नंतर सिनेमामुळे गिल आणि पारूची कहाणी आपल्याकडे सगळ्यांना माहीत झाली. त्याचं काम मात्र कमी जणांना माहीत आहे. मोठमोठ्या कॅनव्हासवर त्याने तेलरंगात नकला केल्या, त्या विलायतेला गेल्या, तिथे क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. गिल १८७९ मध्ये गेला. त्याची कबर आपल्या भुसावळात आहे. किती भुसावळकरांनी पाहिली असेल?

त्यानंतर मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आले, १८७२ पासून. ते एकटे आले नाहीत, विद्यार्थी घेऊन आले. पेस्तनजी बोमनजींसारखी तरुण मुलं. हंगामामागून हंगाम, १८८५ पर्यंत हे चाललं. आणि गंमत म्हणा की दैव म्हणा, त्यांच्याही पुष्कळशा नकला १८८५ मध्ये लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या आगीत गेल्या. दोन पिढ्यांचं काम आणि दोन आगी! पण या दोन गोष्टींत एक फरक आहे. गिलचं काम जळालं तेव्हा जवळजवळ सगळंच संपलं. ग्रिफिथ्सचं जळालं तेव्हा ती मुलं उरली होती. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीच्या रेषेवरून ज्यांचा हात वर्षानुवर्षं फिरला, असे आपल्याकडचे तरुण चित्रकार. बोमनजींचं नाव आज भारतीय चित्रकलेच्या इतिहासात घ्यावं लागतं.

तिसरी खेप १९०९ ते १९११ ची. लेडी हेरिंगहॅम या इंग्रज बाई आल्या आणि त्यांच्या मदतीला कलकत्त्याहून काही तरुण चित्रकार आले. त्यांत नंदलाल बोस होते. वय सत्तावीस. हे नाव लक्षात ठेवा, कारण ते परत आपल्या जिल्ह्यात येणार आहेत.

डिसेंबर १९३६. फैजपूर. काँग्रेसचं पन्नासावं अधिवेशन, आणि खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष पंडित नेहरू. हे आपल्याकडच्या शाळकरी मुलांना निदान परीक्षेपुरतं पाठ असतं. पण फैजपूरला अधिवेशनाचं जे नगर उभं राहिलं, टिळकनगर, ते कुणी उभं केलं हे सहसा कुणी सांगत नाही. गांधीजींनी त्यासाठी शांतिनिकेतनातून नंदलाल बोस यांना बोलावून घेतलं होतं. अट अशी की शहरातून सामान आणायचं नाही. बांबू, चटया, गवत, जे आसपास मिळतं त्यातून करायचं, आणि गावच्या माणसांच्या हातांनी करायचं. बांधकामाची बाजू म्हात्रे नावाच्या वास्तुतज्ज्ञांनी सांभाळली. अध्यक्षांची मिरवणूक निघाली ती बैलांच्या रथातून, आणि तो रथही नंदबाबूंच्या कल्पनेतला. नेहरू त्या रथात बसले. प्रदर्शनाच्या उद्घाटनाच्या भाषणात गांधीजींनी या दोघांचं मुद्दाम नाव घेऊन कौतुक केलं होतं.

मला हा प्रसंग फार आवडतो, आणि तो भव्य होता म्हणून नाही. विचार करा, ज्या माणसाने सत्तावीस वर्षांआधी अजिंठ्याच्या अंधारात बसून देशातली सर्वांत मोठी भिंतीवरची चित्रं उतरवून घेतली, तोच माणूस पुन्हा खानदेशात येतो आणि बांबू-चटईचं गाव सजवतो. ते गाव चार दिवसांचं. अधिवेशन संपलं, बांबू सुटले, चटया घरोघर गेल्या असतील, कुणाच्या गोठ्याला लागल्या असतील. पुढे याच नंदबाबूंनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी भारताच्या संविधानाची हस्तलिखित प्रत सजवली. ती दिल्लीत जपून ठेवलेली आहे. टिळकनगर कुठेच नाही. पण यावल तालुक्यातल्या त्या बुरुडांनी, सुतारांनी, गवंड्यांनी आपल्या रोजच्या कामाकडे एक मोठा चित्रकार आदराने बघतोय हे पाहिलं असणार. सूप-टोपल्यांचा बांबू मांडवाच्या कमानीत वेगळा दिसतो. ते त्यांनी घरी जाऊन सांगितलं असेल का? मला वाटतं सांगितलं असेल.

फैजपूरच्या तयारीत आणखी एक माणूस होता, साने गुरुजी. गावोगाव हिंडून माणसं जमवण्याचं काम त्यांनी केलं. पण गुरुजींची मला हवी असलेली गोष्ट त्याच्या आधीची, अंमळनेरची. १९२४ मध्ये ते तिथल्या हायस्कुलात शिक्षक झाले आणि वसतिगृहाचं कामही त्यांच्याकडे आलं. मुलांसाठी त्यांनी ‘छात्रालय’ नावाचं हस्तलिखित दैनिक चालवलं. दैनिक, हं! रोज हाताने लिहायचं. बातम्या, गोष्टी, थोरांची चरित्रं, मुलांना दोन शब्द. सकाळी मुलं उठली की वाचायला तयार. मी शाळेत असताना आम्ही भित्तिपत्रक काढायचो, वर्षातून दोनदा, आणि तेवढ्यानेच आमची दमछाक व्हायची. पुढे १९२८ मध्ये त्यांनी ‘विद्यार्थी’ मासिक काढलं, १९३० मध्ये नोकरी सोडून ते सत्याग्रहात गेले. त्या रोजच्या कागदांतले किती उरले असतील? पण वसतिगृहातली ती मुलं ‘गुरुजींची मुलं’ म्हणूनच आयुष्यभर ओळखली गेली.

जळगावचंही सांगायला हवं, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंनी अंमळनेर-फैजपूर सगळं सांगितलं आणि गावातलं राहिलं. काव्यरत्नावली चौकात संध्याकाळी आपण भेळ खायला, भाऊंच्या उद्यानात फिरायला जातो. त्या चौकाचं नाव एका मासिकाचं आहे. नानासाहेब फडणीसांनी १८८७ पासून जळगावातून चालवलेलं, फक्त कवितेला वाहिलेलं मासिक. १९०७ मध्ये याच गावात महाराष्ट्र कविसंमेलन भरलं आणि धरणगावच्या सतरा वर्षांच्या त्र्यंबक ठोंबरेंना तिथे ‘बालकवी’ ही पदवी मिळाली. सतरा वर्षांच्या पोराला मोठ्यांच्या मंचावर उभं केलं, ही मला त्यातली मोठी गोष्ट वाटते. चौकांना माणसांची नावं पुष्कळ असतात. कवितेच्या मासिकाचं नाव असलेला चौक मी दुसरीकडे पाहिला नाही.

माझं माहेर धुळ्याचं. धुळ्याची बाजू मांडली नाही तर भाऊ बोलणार नाही. राम सुतार धुळ्याजवळच्या गोंदूरचे. १९२५ चा जन्म, घर सुतारकामाचं. जोशी गुरुजींनी या मुलाचा हात ओळखला, त्याला वळण लावलं आणि मुंबईला जे. जे. त जायला प्रवृत्त केलं. १९५३ मध्ये तिथे त्यांना मेयो सुवर्णपदक मिळालं. नंतर १९५४ ते १९५८ ते पुरातत्त्व खात्यात होते आणि काम काय, तर अजिंठा-वेरूळच्या शिल्पांची डागडुजी. पुन्हा अजिंठाच! सरदार पटेलांचा १८२ मीटरचा पुतळा २०१८ साली झाला तेव्हा सगळ्या वर्तमानपत्रांत सुतारांचं नाव आलं, आणि यायलाच हवं. जोशी गुरुजींचं नाव कुठेतरी एका ओळीत. मी तीस वर्षं चित्रकलेचा तास घेतला आहे, त्यामुळे मी ती एक ओळ शोधते. आठवड्याला दोन तास, तेही परीक्षा जवळ आली की गणिताच्या सरांनी मागून घेतलेले. त्या दोन तासांत एखादं मूल सापडतं.

आणि अगदी उलट टोकाचे चाळीसगावचे केकी मूस. जगभरातली छायाचित्रणाची बक्षिसं मिळवलेला हा पारशी कलावंत जवळजवळ पन्नास वर्षं स्टेशनजवळच्या आपल्या घरातून फारसा बाहेरच पडला नाही. रात्रीच्या गाडीने येणाऱ्या कुणाची तरी वाट बघत, असं सांगतात. टेबलावर कागद, कापूस, काड्या मांडून त्यांनी जे देखावे उभे केले आणि टिपले ते पाहून आजही माणूस फसतो. घर आता संग्रहालय आहे. शाळेची सहल नेली होती तेव्हा एका मुलीने मला विचारलं, ‘‘बाई, यांच्याकडे शेजारची मुलं खेळायला यायची नाहीत का?’’ मला उत्तर माहीत नव्हतं. मूसांची थोरवी कमी करायची नाही, पण तो प्रश्न माझ्या मनात राहिला, आणि खरं सांगायचं तर आपली भिंत त्या प्रश्नातून निघाली.

आता भिंतीकडे येते.

आपण इथे राहायला आलो तेव्हा जळगावला महानगरपालिकासुद्धा नव्हती, नगरपालिकाच होती. भिंत तेव्हा साध्या सिमेंटची, करडी. तिच्यावर ‘येथे जाहिरात लावू नये’ एवढंच लिहिलेलं आणि त्याच्यावरच कोचिंग क्लासची जाहिरात चिकटवलेली. पूर्वेच्या कोपऱ्यात, विजेच्या डीपीजवळ, येणारे-जाणारे उभे राहायचे. वास खालच्या मजल्यावर यायचा. त्यावर नेहमीचा उपाय सुचवला गेला, देवांच्या टाइल्स लावा. मी म्हटलं, देवांना कशाला तिथे उभं करता, पोरांना करू द्या काहीतरी. हे मी गमतीने म्हटलं होतं. कमिटीने मनावर घेतलं आणि मे महिन्याच्या सुट्टीत अकरा मुलं माझ्या दारात उभी राहिली.

पहिल्या वर्षी आम्ही पोस्टर कलरमध्ये फेविकॉल घालून रंगवलं. मृगाच्या पहिल्या पावसात सगळं गटारीत. मुलं रडली. दुसऱ्या वर्षी भिंत तारेच्या ब्रशने खरवडली, प्रायमर दिला, मग बाहेरच्या भिंतीचा पांढरा रंग आणून त्यात स्टेनरच्या नळ्या पिळून रंग केले. पिवळा, तांबडा, हिरवा, निळा, काळा, एवढ्या पाच नळ्यांत मुलांनी किती रंग काढले म्हणून सांगू! केळीच्या पानाचा हिरवा आणि कडुनिंबाचा हिरवा एक नसतो हे पुस्तकातून शिकवायला मला आठवडा लागला असता.

चित्र मोठं करायची पद्धत जुनीच. कागदावर इंचाइंचाचे चौकोन, भिंतीवर फुटाफुटाचे. गेरूत भिजवलेली सुतळी दोघांनी ताणून धरायची, तिसऱ्याने मध्ये चिमटीत उचलून सोडायची की भिंतीवर सरळ रेघ उमटते. एका चौकोनात जे आहे तेच दुसऱ्या चौकोनात, बारा पट. प्रमाण हा धडा ज्या मुलाला वर्गात कळत नव्हता त्याला त्या दोरीने कळला. त्याच्या आईने मला येऊन सांगितलं म्हणून मला कळलं. जळगावचा मे म्हणजे पारा पंचेचाळिशीला. त्यामुळे सकाळी सहा ते साडेआठ काम, नंतर कुणाच्या ना कुणाच्या घरी पन्हं.

काय काय काढलं? केळीचे घड भरलेला ट्रक. सातपुडा. भुसावळचं इंजिन, जे दर दोन वर्षांनी कुणीतरी नव्याने रंगवायचं. एका वर्षी मुलींनी भुलाबाई काढली. ज्यांचं बालपण खानदेशाबाहेर गेलं त्यांच्यासाठी सांगते. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत भुलाबाई-भुलोजीच्या मातीच्या मूर्ती मांडून मुली रोज एकेका घरी गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकलेला डबा वाजवून आत काय खाऊ आहे ते ओळखायचं. कुणी गुलाबाई म्हणतात. माझ्या लेखी आमच्याकडची ही पहिली कलाशाळा. फी नाही, गुरू म्हणजे शेजारची मोठी ताई, आणि गाणं, माती, सजावट, सगळं एका महिन्यात. मुलींनी भिंतीवर डबाही काढला होता, बंद, आणि खाली लिहिलं होतं, ‘ओळखा’. रस्त्याने जाणारे लोक खरंच थांबून बोलायचे, शेव आहे, लाडू आहे. माझी आई धुळ्याहून आली होती, ती रिक्षातून उतरली आणि भिंतीकडे बघून म्हणाली, ‘‘हाई काय शे? घरना पोऱ्यास्नी काढेल शे का?’’ आणि सामान तिथेच ठेवून पूर्ण भिंत चालत बघून आली.

एका निवडणुकीच्या आधी रातोरात अर्ध्या भिंतीवर चुना फासून कुणीतरी चिन्ह रंगवून गेलं. कोण ते आजवर कळलं नाही. मुलांनी निकाल लागेपर्यंत वाट पाहिली आणि मग त्या चिन्हाचं फुलपाखरू केलं. पोलिसांत जा म्हणणारे पुष्कळ होते, पण फुलपाखरू बरं झालं.

हे सगळं गोड गोड झालं. एक गोष्ट राहिली, आणि तीच सांगण्यासाठी मी शेवटी लेख लिहायला घेतला.

तिसऱ्या की चौथ्या वर्षी आपल्याकडे जे वॉचमन होते ते चोपड्याच्या पलीकडचे, सातपुड्याच्या पायथ्याचे. पावरा कुटुंब. त्यांची मुलगी सहावीत होती. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. ती रोज सकाळी थोडी लांब उभी राहून बघायची. चौथ्या दिवशी मी तिला ब्रश दिला. तिने कागदावर न काढता, चौकोन न आखता सरळ भिंतीवर मोर काढायला घेतला. पाय आधी, मग पोट, मग मान. शासकीय रेखाकला परीक्षेत स्मरणचित्राचा पेपर असतो. त्यात मुलं घाम गाळतात, कारण समोर काही नसतं. या मुलीला समोर काही लागतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडे तक्रार आली. तक्रार करणारे आता इथे राहत नाहीत. म्हणणं असं की, रंगाचे पैसे सभासदांनी दिलेले आहेत, जागा सभासदांच्या मुलांना कमी पडते, आणि उपक्रम सोसायटीचा आहे. मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं. मी मधला मार्ग काढला. तिला पूर्वेचा कोपरा दिला, डीपीच्या बाजूचा, जिथे लोक उभे राहायचे. ‘‘इथे तुझी वेगळी जागा,’’ असं हसत सांगितलं. मधला अर्धा झालेला मोर पांढरा केला आणि तिथे इंजिन आलं. तिने काही विचारलं नाही. कोपऱ्यात दुसरा मोर काढला, लहान, डीपीच्या लोखंडी पेटीशेजारी मावेल एवढा. आणि सांगण्यासारखी गोष्ट म्हणजे तो मोर आल्यापासून त्या कोपऱ्यात उभं राहणं खरोखर बंद झालं. कमिटीने सभेत माझं अभिनंदन केलं. इतिवृत्तात आहे, माजी सेक्रेटरींना विचारा. त्यात मुलीचा उल्लेख नाही, आणि मीही तो करा म्हटलं नाही.

पुढच्या वर्षी ते कुटुंब दुसरीकडे कामाला गेलं. कुठे, ते मी विचारून ठेवलं नाही. वर जोशी गुरुजींबद्दल लिहिताना माझा हात थोडा थांबला होता तो यामुळे. मूल सापडलं होतं.

ठराव झाल्यावर मी दोन आठवड्यांपूर्वी सकाळी भिंत नीट बघायला गेले. खालचे दोन फूट लोणा लागून गेले आहेत. भुलाबाईचे पाय नाहीत, ट्रकची चाकं नाहीत. जिथे भिंत फुगली आहे तिथे इंजिनाचा रंग पापुद्र्यासारखा सुटला आहे, एकावर एक चार-पाच थर. मी नखाने एक पापुद्रा काढला. काळ्याखाली तांबडा, तांबड्याखाली पांढरा, आणि पांढऱ्याखाली निळा. मोराच्या मानेचा निळा. एका हाताने, न थांबता मारलेली रेघ, खाली पोटाकडे गेलेली. एवढी वर्षं इंजिनाच्या आत होती.

आता कामाचं. भिंत पाडायला ठेकेदार पुढच्या महिन्यात येतोय. त्याआधीच्या दोन्ही रविवारी सकाळी साडेसहाला आपण भिंतीची नक्कल उतरवून घेणार आहोत. ट्रेसिंग पेपरचे रोल कमिटीने मंजूर केले आहेत. ज्यांनी लहानपणी इथे रंगवलं आणि जे आता पुण्या-बंगळुरूला आहेत, त्यांतले सहा जण येतो म्हणाले आहेत. या वेळी मुलं कुणाची हे बघायचं नाही असं मी कमिटीला लेखी दिलं आहे. वॉचमनभाऊंची दोन्ही मुलं आणि शेजारच्या साइटवरची मुलं येतील. इंजिनाचा भाग शेवटी घेऊ. त्याचे थर एकेक करून काढायचे आहेत, त्याला मऊ ब्रश आणि बोथट सुऱ्या लागतील, ज्यांच्याकडे असतील त्यांनी आणाव्यात. आणि ते कुटुंब आता कुठे आहे हे कुणाला माहीत असेल तर, पार्किंगमध्ये भेटलो तरी चालेल, मला सांगा.